साडेतीन वर्षांची घोडी, पहिली मोकळी रपेट : लिंब-गोवे (जि. सातारा) इथल्या पाणंदीवरून

पाणंदवाट (धागाकर्ता)

घोडी साडेतीन वर्षांची, काठेवाडी वळणाची, उंची ५७ इंच. रिंगणातलं काम तीन महिने झालं आहे. लांब दोरीवर दोन्ही बाजूंनी चाल आणि दुडकी, आवाजावर थांबणं, स्वार घेऊन वळणं आणि चार पावलं मागं सरणं जमतं. स्वारासकट रिंगणाबाहेर अजून नेलेली नाही.

पाऊस उघडला आहे, पाणंदीतला चिखल वाळून मुरूम वर आला आहे. दिवाळीनंतर साखर कारखान्यांचे भोंगे वाजले की रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे होतील. त्याआधीचे तीन-चार आठवडे हाताशी आहेत. बेत असा : सकाळी पावणेसातला निघायचं, लिंबच्या बाजूच्या शिवारातली पाणंद, मध्ये एक ओढा, पुढे थोडा माळ, त्याच वाटेने परत. एकूण तीन किलोमीटर, फक्त चालीत. सोबतीला अकरा वर्षांचा शांत घोडा आहे.

चार गोष्टींवर जाणत्यांचं मत हवं आहे. सोबतीचा घोडा पुढे ठेवावा की मागे? घोडी बुजली तर वर बसून राहावं की उतरावं? नाल आताच मारावी की अनवाणी न्यावी? ओढा पहिल्याच दिवशी ओलांडावा का?

जुनीपागा

बेत चांगला आहे, पण त्यातला पहिला टप्पा गाळलाय. स्वारासकट नेण्याआधी हीच वाट हाताने धरून किमान पाच-सहा वेळा चालवा. खोगीर घालून, रिकिबी वर ओढून बांधून, तोंडात लगाम आणि त्याखाली मोरकी (तोंडात लोखंड नसलेली डोक्याची दोरपट्टी), मोरकीला साडेतीन-चार मीटरची दोरी. दोरी हाताला गुंडाळायची नाही, घड्या घालून धरायची. घोडीच्या नाकासमोर चालायचं नाही, कानाच्या रेषेत खांद्याजवळ चालायचं. बुजली तर ती पुढे झेप घेते, आणि समोरचा माणूस तुडवला जातो.

हाताने चालवताना तुमच्या वाटेचा नकाशा मनात तयार होतो. कुठल्या विहिरीवरची मोटर अचानक चालू होते, कुठल्या खळ्यावर निळा ताडपत्रीचा ढीग आहे, कुठल्या वस्तीवरची कुत्री रस्त्यापर्यंत येतात, कुठे तार लोंबते. एक लक्षात घ्या, जाताना डाव्या डोळ्याने बघितलेला दगड परतताना उजव्या बाजूला येतो आणि घोड्याला तो नवाच वाटतो. म्हणून 'जाताना काही झालं नाही' यावरून परतीचा अंदाज बांधू नका. परतताना लगाम एका हातात आणि लक्ष मोबाइलमध्ये, हे तर नकोच.

या रपेटीचा हेतू मनाशी पक्का असू द्या. घोडीला काही 'शिकवायला' निघायचं नाही. बाहेरच्या जगात विशेष काही घडत नाही, एवढंच तिच्या अंगात मुरायला हवं. त्यामुळे लांब लगाम, मान खाली सोडलेली, पावलं तिच्या गतीने. घोड्याची साधी चाल मिनिटाला शंभर मीटरच्या आसपास पडते. तीन किलोमीटरना अर्धा तास, थांबे धरून चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. तरण्या जनावराचं लक्ष त्याहून जास्त टिकत नाही. थकली की ती ऐकेनाशी होते, आणि आपण त्याला खोडी समजतो.

सोबतीचा घोडा आधी पुढे. पहिल्या चार-पाच रपेटी तरी. अंतर दीड घोड्याचं, म्हणजे साडेतीन-चार मीटर. त्याहून जवळ गेली तर लाथेच्या टप्प्यात येते, फार मागे पडली तर धावत गाठायला बघते. नंतर जोडीने, मग घोडी पुढे, मग तो घोडा वळणाआड. ही पायरी चुकवून एकदम एकटी नेली की ती पाणंदीच्या तोंडाशीच उभी राहते आणि मागे सरू लागते. पुढच्या स्वारानेही एक नियम पाळायचा : मागचा माणूस रिकिबीत पाय घालत असताना किंवा घोडी ओढ्यात असताना आपला घोडा हलवायचा नाही. सोबती दूर चालला हे दिसलं की जनावर माणसाचं ऐकत नाही, कळपाचं ऐकतं.

नालबंद_कराड

नालेबद्दल. पाणंद मुरमाची आणि माळाचा तुकडा खडकाळ असेल तर पुढच्या दोन पायांना नाल पुरते. घोड्याचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या पायांवर असतं, झीजही तिथेच. मागचे पाय अनवाणी ठेवले तर सोबतीच्या घोड्याला लागलेली लाथ निदान लोखंडाची नसते.

पण डांबरी रस्ता किती आहे ते सांगा. गुळगुळीत लोखंडी नाल डांबरावर, त्यातही उतारावर, साबणासारखी सरकते. डांबर ओलांडायचं असेल तर आडवं, सरळ, चालीत. रस्त्यावर वळवायचं नाही.

नालबंदी रपेटीच्या आदल्या दिवशी करू नका. खूर छाटल्यावर तळवा दोन-चार दिवस हळवा असतो, एखादा खिळा जवळून गेला असेल तर तेही तेवढ्यात समजतं. आठ-दहा दिवस आधी करा. नंतर ४० ते ५० दिवसांनी पुन्हा, नाल झिजलेली नसली तरी. कारण झिजत नाही म्हणून राहिलेल्या नालेखाली खूर वाढत जातो, पुढचं टोक लांबतं आणि घोडं ठेचकाळायला लागतं. 'आळशी आहे, पाय उचलत नाही' अशी तक्रार आली की मी आधी खुराचं टोक बघतो.

खिशात खूर साफ करायचा हुक ठेवा. आपल्याकडचा काळा खडक फुटून जे बोराएवढे खडे होतात ते तळव्याच्या मधल्या त्रिकोणी मऊ भागाच्या खाचेत बरोबर अडकतात. घोडी अचानक एका पायावर लचकली तर तिथेच उतरून बघा. टाचेकडून टोकाकडे कोरायचं, उलटं नाही.

पाणंदवाट

डांबर फक्त ओलांडायला, आठ मीटर. पुढच्या पायांना येत्या रविवारी नाल मारून घेतो, म्हणजे पहिल्या स्वारीपर्यंत बारा दिवस मिळतील. हाताने चालवणं तोवर अनवाणीच.

रिकीब

दुसऱ्या प्रश्नावर मत देते, कारण इथे बरेचजण 'उतरलात तर घोडा जिंकला' असं सांगतात. ते मला पटत नाही. घोड्याच्या डोक्यात हार-जीत नसते. घाबरलेल्या घोडीवर बसून पाय आवळणारा स्वार तिला एवढंच सांगतो की भ्यायला कारण आहे.

उतरण्याची वेळ मात्र ओळखता यायला हवी. क्रम साधारण असा असतो : कान टवकारले जातात, मान उंच होते, पाठ खोगिराखाली टणक होते, पावलं आखूड होतात, मग नाकपुड्या फुगून फुरफुरणं. कान आणि मान या टप्प्यावर थांबा. पुढे हाकू नका, मागेही वळवू नका. लगाम सैल, तिला बघू द्या. वीस-तीस सेकंदांत मान दोन बोटं खाली आली, ओठ चाटले, मोठा श्वास सोडला की दोन पावलं पुढे, पुन्हा थांबा. पाठ टणक होऊन पावलं आखूड झाली आणि मागचा भाग खाली बसायला लागला तर अजून वेळ आहे, तेव्हाच शांतपणे उतरा आणि दोरीवर चालवत न्या. जनावर एकदा मागच्या पायांवर उठलं किंवा उधळलं की उतरणं हा पर्याय उरत नाही.

उतरण्याची तयारी रिंगणात करा. दोन्ही पाय रिकिबीतून काढून एकदम उतरणं, दोन्ही बाजूंनी. आणि परत बसणंही, दगडावरून, बांधावरून, उजव्या बाजूने. अरुंद पाणंदीत डावी बाजू नेहमी मोकळी मिळेलच असं नाही.

जुनीपागा

रिकीबताई, उतरण्याला माझा विरोध नाही. पण उतरून लगेच घरी वळलं तर घोडीला धडा मिळतो तो असा : फुरफुरलं की ओझं उतरतं आणि घर येतं. दोन वेळा झालं की तिसऱ्यांदा ती त्याच जागी मुद्दाम फुरफुरेल. त्यामुळे उतरा, चालवत त्या वस्तूच्या पुढे पन्नास-शंभर पावलं न्या, शांत जागी पुन्हा बसा, मग वळा.

रिकीब

हो, यात दुमत नाही. मी 'उतरा' म्हणाले, 'परत फिरा' नाही.

एक भर. कडेला पडलेल्या वस्तूजवळून जाताना तिचं नाक किंचित त्या वस्तूपासून दुसरीकडे वळवून घ्या. ताडपत्री उजवीकडे असेल तर नाक जरासं डावीकडे, डावा पाय तिच्या बरगडीशी. तसं केलं की पुठ्ठा (घोडीचा मागचा भाग) वस्तूकडे राहतो आणि रस्त्याच्या मध्यात सरकत नाही. नाक वस्तूकडे खेचून 'बघ, बघ' करत चालवलं तर पुठ्ठा उलट बाजूला, म्हणजे नेमका वाहनांच्या बाजूला फिरतो. उभं राहून बघू देणं वेगळं आणि बाजूने जाणं वेगळं.

माणदेश_माळ

तुमच्या बाजूला मेंढरांचे वाडे आता उतरायला लागतील. धनगरांच्या वाड्यावर तीन गोष्टी असतात : राखणीची कुत्री, मोकळी सोडलेली तट्टं आणि जाळी. वाड्यातला मोकळा घोडा माजावर आलेल्या घोडीचा वास लांबून घेतो. साधारण तीन आठवड्यांनी माज येतो, चार-सहा दिवस टिकतो. त्या दिवसांत पहिली रपेट नको. घोडी चिडखोर असते, शेपटी उडवत राहते, लक्ष लागत नाही.

कुत्री मागे लागली तर पळवू नका. थांबवून घोडीचं तोंड कुत्र्याकडे करा. चार पायांचं मोठं जनावर समोर वळलं की बहुतेक कुत्री दहा हातांवर थांबतात. पाठ दाखवली की घोट्याला चावायला येतात, आणि मग दुगाण्या झाडल्या जातात. मेंढक्याला लांबूनच हाक द्या, तो कुत्री आवरतो. वाट सोडून मेंढरांच्या वरच्या अंगाने जावं, कळप फाकवू नये.

काटे. बाभळीचा आणि वेड्या बाभळीचा काटा तळव्यात शिरला की वरून दिसत नाही, दोन दिवसांनी पाय ठणकतो. परत आल्यावर चारही पाय ओल्या फडक्याने पुसून, उजेडात, बोटाने चाचपून बघा. कुसळं आता पिकली आहेत, वाटेत चरू देऊ नका. ओठात आणि जिभेखाली रुततात, मग घोडी लगाम घेईना होते आणि आपण तिचं तोंड दोषी धरतो.

पुढेमागे चाळकेवाडीच्या पठारावर न्यायचा विचार असेल तर पवनचक्क्यांचा आवाज घोडी दहा मिनिटांत स्वीकारते. तिला छळते ती पात्यांची सावली. सकाळी उन्हं तिरपी असताना सावली जमिनीवरून लांबवर झपझप फिरते, घोडीला वाटतं खालून काही धावून येतंय. दुपारी सावली आखूड असते, पण तेव्हा ऊन आणि पर्यटकांच्या गाड्या. पहिल्या दहा रपेटींत ते पठार नकोच. कासचं पठार फुलांच्या हंगामात तर मनातही आणू नये, टापांखाली जे चिरडतं ते वर्षभर परत येत नाही.

जनावरांचा_डॉक्टर

निघण्याआधीच्या तपासण्या लिहितो, नीट वाचा.

दात. साडेतीन वर्षांच्या आसपास पुढच्या दातांची दुसरी जोडी पडून नवी येते, दाढाही बदलत असतात. हिरड्या दुखऱ्या असतात. शिवाय पहिल्या दाढेपुढे जो छोटा जादा दात असतो, त्यावर कडियाळी (लगामाची तोंडातली लोखंडी दांडी) आपटली की घोडी डोकं झटकते. तोंड उघडून तपासून घ्या. कडियाळी साधी, गुळगुळीत, मध्ये जोड असलेली. काटेरी कडियाळी अजून बाजारात मिळते, पण ओझेवाहू जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांत तिला मनाई आहे आणि तरण्या तोंडावर तर तिने कायमची इजा होते.

वजन. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याला त्याच आकड्याने गुणा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा, ११,८८० ने भागा. उत्तर किलोत येतं. घेर खांद्यामागे, श्वास सोडल्यावर घ्यायचा.

धनुर्वाताची लस झाली आहे का? घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो, आणि पाणंदीत गंजका खिळा, पत्रा, तारेचं टोक पडलेलंच असतं. लस नसेल तर रपेट पुढे ढकला.

विसाव्यातले आकडे आधी आठ दिवस लिहून ठेवा. नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप ९९ ते १०१ अंश फॅरनहाइट. नाडी जबड्याच्या खालच्या कडेला बोटांनी लागते, १५ सेकंद मोजून चौपट करा. अशा हलक्या रपेटीनंतर दहा-पंधरा मिनिटांत नाडी ६० च्या खाली यायला हवी. आली नाही तर वेग जास्त झाला, ऊन लागलं, किंवा आतून काही बिघडलंय. पावसाळा सरताना मोठ्या गोमाश्यांमुळे सर्रा (रक्तातल्या परजीवीचा रोग) पसरतो. येऊन-जाऊन ताप, पाय-पोटाला सूज, चांगलं खाऊनही बरगड्या दिसणं, थोड्या कामात घाम, अशी लक्षणं असतील तर रक्त तपासा. अशा जनावराला 'अंगचोर' म्हणून हाकणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ आहे.

दाणा देऊन लगेच बसू नका, दीड तास जाऊ द्या. पण पूर्ण रिकाम्या पोटीही नको. निघण्याआधी पेंढीभर कडबा किंवा वाळलं गवत खाऊ घाला. त्याने पोटातलं आम्ल उसळून वर येत नाही. गरम घोड्याला पाणी देऊ नये ही जुनी समजूत आहे. चालतं ठेवून थोडं-थोडं पाणी पाजा.

पाणंदवाट

घेर १६३, लांबी १५२. म्हणजे ३४० किलो. स्वार ५८ किलो, खोगीर, घोंगडी, लगाम मिळून ७. एकूण ६५. लस झालेली आहे, दात शुक्रवारी बघून घेतो.

जनावरांचा_डॉक्टर

६५ म्हणजे १९ टक्के. पूर्ण वाढलेल्या घोड्याला २० टक्क्यांची मर्यादा सांगतात. तरण्या पाठीला मी १५ टक्के धरतो, तुमच्या घोडीला ते ५१ किलो. पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालते, पायांची हाडं त्याआधी पक्की होतात. म्हणून घोडा 'पायावर मजबूत' दिसला तरी पाठ कोवळीच असते. हलका स्वार मिळाला तर उत्तम. नाहीतर बसून राहण्याचा सलग वेळ पंधरा मिनिटांवर ठेवा, उतार सगळे पायी उतरा, आठवड्यात तीनपेक्षा जास्त रपेटी नकोत.

रिकीब

खोगिराची खूण डॉक्टर साहेबांच्या मुद्द्याला जोडून. परतल्यावर खोगीर काढलं की घामाचा ठसा बघा. दोन्ही बाजूंना सारखा ओला असेल तर ठीक. ओल्या ठशात मध्येच सुपारीएवढी कोरडी जागा दिसली तर तिथे दाब पडतोय, घामाच्या ग्रंथी दबल्यात. तसंच चालू ठेवलं तर काही महिन्यांनी तिथे पांढरे केस येतात, ते जात नाहीत. आयाळ संपते त्या उंचवट्यावर खोगिराखाली तीन बोटं मोकळी हवीत, तीही स्वार बसल्यावर.

तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) तीन वेळा आवळा. आधी नुसता लावून दहा पावलं चालवा, मग एक भोक, बसण्याआधी एक. पंधरा मिनिटांनी उतरून पुन्हा बघा. एकदम आवळला की तरणी घोडी पाठ फुगवते, पुढे तीच सवय दाण्याच्या वेळीसुद्धा चावा काढण्यापर्यंत जाते.

कृष्णाकाठ_सांगली

ओढ्याचं विचारलंय. ओढा हवाच, पण पहिल्या दिवशी नको. तिसऱ्या-चौथ्या फेरीत. जागा निवडताना अरुंद चर नको, रुंद उथळ जागा हवी. दीड-दोन मीटरची चर असली की घोडी उडी मारते, स्वार मागे राहतो आणि लगामाला लोंबकळतो. तीच तोंडाची पहिली वाईट आठवण ठरते. चार-पाच मीटर रुंद, घोट्याएवढं पाणी, तळ दिसतो असा मुरूम, वेग नाही. काळी माती असलेला उतार टाळा. वरून वाळलेली दिसते, खाली लोण्यासारखी असते, पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि पुढच्या वेळी ओलं काही दिसलं की घोडी अडते.

जुना घोडा पुढे पाण्यात उभा करा, पलीकडे नेऊ नका. घोडीला काठावर आणून नाक खाली सोडू द्या. हुंगेल, पाय आपटेल. मागे वळायला लागली तर नाक फक्त पाण्याकडे धरून ठेवा, बाजूला सरकली तर सरकू द्या. पाच मिनिटं लागली तरी चालतील. एक पाय पाण्यात पडला की मानेवर थोपटा आणि तिथेच थांबा. पाण्यात उभी राहून पुढचा पाय सारखा आपटायला लागली तर ती लोळायच्या तयारीत आहे, लगेच पुढे काढा. डोकं खाली दाबून ठेवणारी पट्टी लावत असाल तर पाण्याआधी सोडा.

आमच्या बाजूला, भिलवडीपासून सांगलीपर्यंत, कृष्णेच्या पात्रात हा सराव करायचा नाही. मगरी आहेत, डोहाच्या काठाला उन्हाला पडलेल्या असतात. घाटाच्या पायऱ्यांवरही घोडा नेऊ नका, शेवाळावर नाल टिकत नाही.

आणि तासगावकडे कोणी वाचत असेल तर, ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत फवारणीचे ब्लोअर सकाळीच चालू असतात. आवाजाने घोडा बुजतो ते एक वेळ आवरेल. औषधाचा फवारा बांधावरच्या गवतावर बसतो ते जास्त वाईट. बागेच्या कडेचं गवत तोंडाला लावू देऊ नका. साताऱ्यात बाग नसली तरी हायवेच्या दुभाजकावर आणि बंगल्यांच्या कुंपणाला कण्हेर असते. तिची थोडी पानंसुद्धा घोड्याचं हृदय बंद पाडतात, वाळलेलीसुद्धा.

माळावरचा_स्वार

माझ्याकडचं शिंगरू नाही, अकलूजच्या बाजारातून आणलेला चार वर्षांचा घोडा आहे. त्याला आधी वरातीत नाचवलेला आहे. हलगी लांबून ऐकू आली तरी पुढचे पाय उचलून थिरकायला लागतो. अशा घोड्याला या पद्धतीने बाहेर काढता येईल का?

जुनीपागा

येईल, पण क्रम उलटा. त्याच्यासाठी ताल म्हणजे 'काम सुरू'. आवाज ऐकला की पाय उचलले नाहीत तर मार बसत होता, त्यामुळे तो थिरकतो तो आनंदाने नव्हे. आधी दावणीला असताना, दाणा खात असताना, हलगीचं ध्वनिमुद्रण अगदी हळू आवाजात लावा. मान तोबऱ्यातून वर आली तर आवाज जास्त आहे. रोज दहा मिनिटं, आठवड्याने थोडा वाढवा. खाता खाता ऐकू लागला की मग हाताने चालवताना. तोंडात साधी कडियाळी द्या आणि पहिले पंधरा दिवस लगाम मोरकीलाच जोडा, तोंडाला अजिबात नको. थिरकायला लागला तर ओरडू नका आणि थोपटूही नका, लहान गोल चालवा. चारही पाय जमिनीवर आले की सैल सोडा. यात्रा-जत्रांचा हंगाम पौषापासून चैत्र-वैशाखापर्यंत असतो, त्या दिवसांत गावाजवळच्या वाटा टाळा.

पाणंदवाट

उसाच्या गाड्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही. हंगाम लवकर सुरू झाला तर त्या पाणंदीतूनच जाणार.

जुनीपागा

घोडीला गाडीचा आकार फारसा खटकत नाही. दोन ट्रॉल्यांमधला साखळीचा खडखडाट, बाहेर लोंबणारे उसाचे शेंडे आणि ड्रायव्हरचा लाउडस्पीकर, तिन्ही एकदम येतात. पाणंदीत तोंडावर आली तर बाजूच्या शेताच्या तोंडाशी, बांधाच्या आत, निदान पाच-सहा मीटर आत घ्या आणि घोडीचं तोंड गाडीकडे करा. उसाच्या फडाला पाठ लावून उभं राहू नका, पानांची सळसळ मागून आली की ती पुढे, गाडीकडे झेपावते. सोबतीचा घोडा गाडी आणि घोडी यांच्या मध्ये. ड्रायव्हरला हात दाखवा, बहुतेकजण वेग कमी करतात, पण हॉर्न नको असं तोंडाने सांगावं लागतं.

आधी सराव करायचा असेल तर उभ्या ट्रॅक्टरपासून सुरू करा. इंजिन बंद, घोडी भोवती फिरते. मग इंजिन चालू. मग ट्रॅक्टर पुढे चालतोय आणि घोडी वीस मीटर मागून चालते. यातला हा शेवटचा भाग मोलाचा आहे : पळणाऱ्या गोष्टीच्या मागे जाणारा घोडा तिला घाबरत नाही. तीन-चार दिवस मागून चालली की मग समोरून आणा. ऊसतोड टोळ्यांच्या बैलगाड्या त्याहून सोप्या, घुंगरांचा आवाज लांबूनच कळतो. टोळीच्या पालांजवळून मात्र पहाटे जाऊ नका, धूर, लेकरं, कुत्री सगळं एकदम वाटेवर असतं.

आणखी एक, बिघडलंच तर थांबवायचं कसं. एक हात लगामावरून खाली सरकवून हळूहळू गुडघ्याकडे आणायचा, नाक रिकिबीकडे वळतं, मागचे पाय एकमेकांना ओलांडतात, जोर मोडतो. हे रिंगणात चालीत प्रत्येक बाजूला दहा-दहा वेळा झालेलं असलं पाहिजे. भरधाव सुटल्यावर, उतारावर किंवा डांबरावर असं खेचलं तर घोडी आडवी पडते. तिथे दोन्ही लगाम आलटून-पालटून घ्या-सोडा करत चढाकडे किंवा मोकळ्या ढेकळांच्या शेताकडे वळवायचं.

रिकीब

डोक्याला घोडेस्वारीचं हेल्मेट, सायकलचं नको. ते मागच्या बाजूने कवटीच्या तळापर्यंत खाली येत नाही. बूट टाचेचे, दोन सेंटिमीटर तरी टाच हवी, नाहीतर पाऊल रिकिबीतून आरपार जातं. मोबाइल अंगावर ठेवा, खोगिराच्या पिशवीत नको. घोडी घरी पोचेल, मोबाइलही पोचेल, तुम्ही पाणंदीत.

बांधायची वेळ आली तर मोरकीच्या दोरीने, लगामाने कधीच नाही. ओढताच सुटणारी गाठ, तिच्या खांद्याच्या उंचीला, हातभर दोरी सैल. झाडाला थेट बांधण्यापेक्षा मध्ये सुतळीचं एक कडं घाला. घाबरून मागे ओढलं तर सुतळी तुटते, मान वाचते.

माणदेश_माळ

परतीचं राहिलं. घर दिसलं की पावलं आपोआप लांबतात. त्या जागेच्या आधीच, दोनशे-तीनशे मीटरवर उतरा आणि पायी न्या. दारात पोचल्यावर लगेच दाणा टाकू नका. तंग सैल करून पाच मिनिटं पागेच्या पुढे-मागे चालवा, कधी पागा ओलांडून पुढे जाऊन परत या. दाणा अर्ध्या-पाऊण तासाने. दाराशी तोबरा मिळतो हे एकदा कळलं की परतीच्या वाटेवर घोडी हातात राहत नाही.

पाणंदवाट

बदललेला बेत : रविवारी नाल. उद्यापासून हाताने चालवणं, ओढा वगळून. मधल्या दिवसांत शेजारच्या ट्रॅक्टरमागून. पहिली स्वारी अर्ध्या वाटेपर्यंत, त्यातला बसून वेळ पंधरा मिनिटं. हलका स्वार मिळाला आहे, ४७ किलोचा, सामानासकट ५४. पंधरा टक्क्यांपेक्षा जरा वर जातंय, उतार पायी धरला आहे.

शेवटचा प्रश्न. रपेट चांगली झाली हे घोडीवरून ओळखायचं कसं? परत आली, पडली नाही, एवढ्यावर समाधान मानायचं नाही.

जनावरांचा_डॉक्टर

त्या दिवशी लीद नेहमीसारखी घट्ट आणि वेळेवर पडली का बघा. भेदरलेल्या घोड्याची लीद पातळ होते. पाणी नेहमीएवढं प्यायली का. दुसऱ्या दिवशी सकाळी हात उलटा करून चारही पायांचे घोटे आणि खूर चाचपा, एखादा जास्त गरम लागला तर विश्रांती. पाठीवरून खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत मणक्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबत जा. पाठ खाली दबली किंवा कातडी थरथरली तर खोगीर, वेळ किंवा वजन यांतलं काहीतरी चुकलंय.

जुनीपागा

आणि परवा सकाळी खोगीर हातात घेऊन पागेत शिरा. मान वळवून तुमच्याकडे बघते की कोपऱ्यात तोंड घालून पुठ्ठा दाखवते, ते बघा. पुठ्ठा दाखवला तर त्या दिवशी खोगीर खाली ठेवा, नुसता खरारा करा आणि हाताने पाणंदीच्या तोंडापर्यंत चालवून आणा.

पाणंदवाट

उद्या सकाळी पावणेसातला हाताने पहिली फेरी. ओढ्याच्या अलीकडे जांभळाचं झाड आहे, तिथून वळतो.